आधी रात्रीची बस, मग दिवसाचा धबधबा

चंद्रपूर, यवतमाळ किंवा नांदेडकडून नार्नूरला येणाऱ्या पाहुण्यांचा बेत बहुतेक वेळा सारखाच असतो. रात्री नातलगांकडे मुक्काम, सकाळी लवकर निघून केस्लापूरचा नागोबा, तिथून जोडेघाटला कुमरम भीमाचं स्मारक, दुपारनंतर कुंतालाचा धबधबा, आणि रात्री आदिलाबादहून हैदराबादची बस. लॉजचं भाडं वाचलं, एक दिवसही वाचला, डोळे उघडतील ते थेट हैदराबादेत. कागदावर या बेतात काही खोट दिसत नाही. खोट दिसते ती संध्याकाळी सहाच्या सुमाराला. तेव्हा कुंतालाच्या पायऱ्या चढून वर आलेल्या माणसाच्या पोटऱ्या भरून आलेल्या असतात, कपडे घामाने नाहीतर तुषारांनी ओले असतात, फोनची बॅटरी संपत आलेली असते आणि बसचा डेपो अजून पन्नासेक किलोमीटर लांब असतो. रात्रीची बस म्हणजे फुकट मिळालेली रात्र असं आपण धरून चालतो. खरं तर ती उसनी असते आणि तिची फेड दिवसातून करावी लागते. म्हणून असा बेत सकाळपासून पुढे आखू नये, रात्रीच्या बसपासून मागे आखत यावा. आणि दिवसभरात तेवढंच पाहावं, जेवढं त्या बसकडे जाणाऱ्या वाटेवर आहे.

आधी या मुलखाविषयी थोडं. नार्नूर हे तेलंगणच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका. बाजारात मराठी, गोंडी, लंबाडी, तेलुगू आणि हिंदी एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली, तेव्हा याच आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्याकडे गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. त्यामुळे मराठी माणसाला इथे परमुलखात आल्यासारखं वाटत नाही, आणि घोळ होतो तो त्यामुळेच. भाषा ओळखीची, भाकरी ओळखीची, म्हणून बसचा कारभारही आपल्या एस.टी.सारखाच असेल असं गृहीत धरलं जातं. तो तसा नाही. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजनेत बायकांना पल्ले वेलुगू या साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत प्रवास मोफत आहे, पण तो तेलंगणच्या रहिवाशांना, ओळखपत्र दाखवून. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघींपैकी नार्नूरची वहिनी झिरो तिकीट घेते आणि चंद्रपूरची नणंद पूर्ण पैसे मोजते. रात्रीच्या सुपर लक्झरीत किंवा लहरी या स्लीपर गाडीत मात्र वहिनीलाही तिकीट काढावं लागतं. खर्चाचा अंदाज बांधताना या तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडाव्यात, नाहीतर वाचलेलं लॉजचं भाडं कुठे गेलं ते कळत नाही.

आता नकाशा. नार्नूरहून पाहण्याजोगी ठिकाणं दोन दिशांना पसरली आहेत. पश्चिमेच्या वाटेवर उटनूर, मग इंद्रवेल्ली आणि तिथून आत केस्लापूर, पुढे गुडीहतनूरला राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो. त्या महामार्गाने दक्षिणेला वळलं की नेरडीगोंडा, तिथून बाराएक किलोमीटर आत कुंताला, आणि पुन्हा महामार्गावर येऊन निर्मल. पूर्वेच्या वाटेवर जैनूर, त्याच्याजवळ मार्लवाई, मग केरामेरीचा घाट, हट्टी, जोडेघाट आणि शेवटी आसिफाबाद. या दोन वाटा एकमेकींना पाठ करून उभ्या आहेत. सकाळी जोडेघाट आणि दुपारी कुंताला असा बेत करणारा माणूस दिवसाचा अर्धा भाग घाटाच्या आणि जंगलाच्या रस्त्यावर, आलेल्या वाटेनेच परत जाण्यात घालवतो. हे टाळायला एकच निकष पुरतो. बस कुठून धरायची ते आधी ठरवा. आदिलाबाद किंवा निर्मलहून धरणार असाल तर जोडेघाट यादीतून काढा. जोडेघाट पाहायचंच असेल तर कुंताला काढा, दिवस पूर्वेला न्या आणि हैदराबादची गाडी आसिफाबादहून, मंचेरियालच्या वाटेने धरा. ठिकाण वगळताना जीवावर येतं हे खरं, पण दोन दिशांची ठिकाणं एका दिवसात कोंबली की शेवटी दोन्हींचा फोटोच हाती लागतो.

पश्चिमेची वाट धरली तर तीही सावकाशच पाहण्यासारखी आहे. केस्लापूरचा नागोबा हे मेश्राम कुळातल्या गोंडांचं दैवत. देवळाची आत्ताची दगडी इमारत मेश्राम घराण्यांनी वर्गणी काढून उभी केली आणि २०२२ च्या डिसेंबरात तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. पौष अमावास्येच्या रात्री इथे महापूजा होते. तिच्यासाठी गोदावरीचं पाणी जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगू डोहातून अनवाणी चालत आणलं जातं, आणि घराण्यात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घालण्याचा विधीही याच जत्रेत होतो. लक्षात घ्यायचं ते हे की मुख्य पूजा रात्रीची असते. जत्रेच्या दिवशी दर्शन घेऊन रात्रीची बस धरू म्हणणाऱ्याची एकतर पूजा चुकते, नाहीतर बस. त्या दिवसांत जायचं तर मुक्काम करूनच जावं, नाहीतर आडदिवशी सकाळी जावं, तेव्हा आवार शांत असतं आणि तासाभरात मन भरून पाहणं होतं. इंद्रवेल्लीला रस्त्यालगत स्तूप आहे. २० एप्रिल १९८१ ला इथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला होता, त्याची ती आठवण. इथे गाडीतूनच नजर टाकून पुढे जाऊ नये, पाच मिनिटं उतरावं. याला वेळ फारसा लागत नाही, आणि दिवसाच्या यादीत असं एक ठिकाण असलं म्हणजे बाकीची यादी आपोआप हलकी होते.

कुंतालाचं गणित वेगळं आहे. कडेम नदीवरचा हा धबधबा सुमारे ४५ मीटर उंचीचा, तेलंगणातला सर्वात उंच म्हणून ओळखला जातो. गाडी थांबते ती वर. धबधब्याच्या पायथ्याशी जायला चारशेच्या आसपास पायऱ्या उतराव्या लागतात. उतरताना कुणी मोजत नाही, चढताना प्रत्येक जण मोजतो. म्हणजे रात्री सहा-सात तास गुडघे दुमडून बसायचं आहे त्याच दिवशी त्याच गुडघ्यांवर आपण हा भार टाकतो. म्हणून कुंताला हे दिवसाचं शेवटचं ठिकाण असू नये अशी सूचना सहसा केली जाते. पण नार्नूरहून निघालेल्याला ती पाळता येत नाही, कारण वाटेवर ते शेवटीच येतं. मग दुसरा उपाय करावा: नार्नूर पहाटे सोडावं आणि कुंतालाला दुपारी दोनच्या आत पोहोचावं, म्हणजे चढून आल्यावर अंग सैल पडायला चार-पाच तास मिळतात. डिसेंबरात इकडे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे चारनंतर पायथ्याला उतरणं तसंही शहाणपणाचं नाही. डोहात उतरायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते: इथे बुडून माणसं गेली आहेत आणि पाण्याखालचे खडक वरून दिसत नाहीत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी बोथ भागातला पोचेरा पाहावा. तो सुमारे वीस मीटरचाच आहे, महामार्गापासून जवळ आहे आणि पायऱ्यांचा जाच पुष्कळ कमी. पाण्याचा जोर तिथेही फसवा असतो, पण निदान चढ नाही. आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसतो. जुलै ते डिसेंबर हा खरा काळ. पैकी जुलै-ऑगस्टात जंगलातल्या रस्त्यांवरचे ओढे सखल पुलांवरून वाहू लागतात आणि गाड्या तासन्‌तास खोळंबतात, म्हणून त्या दिवसांत रात्रीची बस धरणाऱ्याने कुंताला सोडून द्यावा. पाऊस ओसरल्यानंतरचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने या बेताला सगळ्यात चांगले.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास. आर.टी.सी.ची, म्हणजे तेलंगणच्या राज्य परिवहनची, गाडी सहा ते सात तास घेते. निर्मलहून धरली तर अंतर सव्वादोनशेच्या आत आणि वेळ साडेचार-पाच तास. कुंतालाहून परत आदिलाबादला उलटं जाण्यापेक्षा पुढे निर्मलला जाऊन बस धरावी, हे वरच्या निकषाला धरून आहे. पण त्यात रात्र आखूड होते. निर्मलहून रात्री नऊची गाडी धरलेला माणूस पहाटे दोनच्या सुमाराला हैदराबादेत उतरतो, आणि त्या वेळी तिथे झोप नाही, चहा नाही, रिक्षावाला सांगेल तो दर. पूर्वी रस्ता अरुंद होता, गाडी रात्रभर रखडत जायची आणि उजाडता पोहोचवायची. महामार्ग चौपदरी झाला आणि प्रवास लवकर संपू लागला. रस्ता सुधारला, रात्र तोकडी झाली. हे केवळ इथलंच नाही. व्हिएतनामात हनोईहून सापा या डोंगरी गावाला स्लीपर बस जातात. २०१४ मध्ये हनोई ते लाओ काय द्रुतगती मार्ग सुरू झाल्यावर ती रात्र पाच-सहा तासांवर आली, आणि पर्यटक पहाटेच्या अंधारात थंडीत सापाला उतरू लागले. उलट इस्तंबूलहून कापादोक्यात गोरेमेला जाणारी बस दहा-बारा तास घेते, म्हणून ती खरोखर रात्रभराची. परदेशी सहलीची आखणी करणाऱ्या मराठी कुटुंबांनीही पहिल्यांदा हेच पाहावं: गाडी किती वाजता सुटते यापेक्षा किती वाजता पोहोचवते. सात तासांपेक्षा कमी प्रवास असेल तर ती रात्रीची बस म्हणायची, रात्रभराची नाही. वाटेत सीमा ओलांडायची असेल तर पहाटे दोन वाजता पासपोर्ट घेऊन रांगेत उभं राहण्याचा अर्धा-एक तासही त्यातून वजा करावा.

मग निर्मलहून काय करायचं? उत्तर सोपं आहे, फक्त मन घट्ट करायला हवं. पहिली मिळेल ती गाडी धरू नये, मध्यरात्रीच्या सुमाराची धरावी. ती पहाटे साडेचार-पाचला पोहोचवते. इथे तिकिटाच्या तारखेचा सापळा आहे. रात्री सव्वाबाराची गाडी ही दुसऱ्या दिवसाच्या तारखेची असते. शनिवारी फिरून शनिवारी रात्री निघायचं असेल तर रविवारची तारीख टाकावी लागते, आणि दरवर्षी कित्येक जण शनिवारची टाकून आदल्या रात्रीच निघून गेलेल्या गाडीचं तिकीट हातात घेऊन स्टँडवर उभे राहतात. गाडी मधल्या थांब्यावर धरणार असाल तर आरक्षण करताना चढण्याचं ठिकाण निर्मल असंच निवडावं. आदिलाबाद निवडून निर्मलला उभं राहिलं तर तोवर आपल्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं असू शकतं. आर.टी.सी.चं गम्यम ॲप गाडी कुठवर आली ते दाखवतं, पण नार्नूर-जैनूर भागात नेटवर्कची खात्री नसते, म्हणून तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि गाडीचा नंबर सकाळीच साठवून ठेवावा. नागपूर-हैदराबाद खाजगी स्लीपरही याच महामार्गाने जातात. त्या पुष्कळदा गावात शिरत नाहीत, बाहेरच्या वळणावर हात दाखवून थांबवाव्या लागतात. एकट्या तरुणाला ते चालेल. बायकामुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर डेपोत लागणारी गाडीच धरावी. तिथे दिवे असतात, बाक असतो, संडास असतो आणि चौकशीच्या खिडकीत मराठी किंवा निदान हिंदी समजणारा माणूस असतो. पाटी तेलुगूत असते, म्हणून हैदराबाद हे नाव तेलुगू लिपीत कुणाकडून तरी फोनवर लिहून घ्यावं आणि पाटीशी ताडून पाहावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा, आणि तो हलका नाही. चार माणसांच्या कुटुंबाला लॉजची एक खोली म्हणजे लहान खर्च नव्हे, आणि रात्रीची बस नेमका तोच खर्च वाचवते. मान्य. पण वाचलेल्या पैशांतून काय जातं तेही लिहावं. जीप ठरवून फिरत असाल तर दोन दिशांच्या ठिकाणांमुळे वाढलेलं भाडं, स्टँडवर काढलेल्या तीन तासांतला चहा-नाश्ता, पहाटे अवेळी उतरल्यामुळे रिक्षाला दिलेले जादा पैसे, आणि हैदराबादेत सकाळी आंघोळीसाठी घेतलेली खोली. ही शेवटची बाब तर लॉज वाचवण्याचा सगळा हेतूच फिरवून टाकते. बस रात्रभराची असेल, दिवस हलका असेल आणि सकाळी जाण्याचं घर ठरलेलं असेल, तर रात्रीची बस खरोखर स्वस्त पडते. या तीनपैकी एखादी जरी गोष्ट नसेल तर आदिलाबादला किंवा उटनूरला साधी खोली घेऊन सकाळच्या गाडीने गेलेलं परवडतं. दुसरा आक्षेप तरुणांचा: आम्हाला काही होत नाही. होत नसेलही. पण दिवसभर उन्हात हिंडून आलेलं शरीर सीट मागे केल्याबरोबर झोपतं, दोन तासांनी थंड हवेच्या झोताने किंवा ढाब्याच्या दिव्यांनी जागं होतं, आणि पुन्हा झोप लागते न लागते तोच उतरायची वेळ होते. सहा तासांत तीन तास झोप मिळाली तर नशीब. दुसऱ्या दिवशी गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढायच्या असतील तर हे तीन तास आठवतात.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो उलट बाजूने येतो: रात्रीची बसच नको. गेल्या काही वर्षांतल्या बातम्या पाहिल्या तर या भीतीला आधार आहे. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. २४ ऑक्टोबर २०२५ ला पहाटे कर्नूलजवळ हैदराबादहून बंगळुरूला निघालेली स्लीपर बस दुचाकीला धडकून पेटली, त्यातही वीसच्या आसपास बळी गेले. दोन्ही वेळा घड्याळ मध्यरात्र आणि पहाट यांच्या मधलं आहे. याच वेळी माणसाची सावधता सर्वात कमी असते, चालकाचीही आणि वाटेत आडवा येणाऱ्याचीही. चीनने २०१२ मध्ये नव्या स्लीपर बस बाजारात आणणं बंद केलं. युरोपात बसचालकाला सलग साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाच्या कामाची मर्यादा आठ तासांची ठेवली होती. यातून मला दिसतं ते असं: रात्रीची बस टाळावीच असं नाही, पण तिच्यात बसणारा माणूस थकून मेल्यासारखा झोपलेला नसावा. चढल्याबरोबर आपत्कालीन दरवाजा कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे का हे पाहायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं दिवसभर वणवण केलेला माणूस देत नाही, तो सरळ पडदा ओढतो. कमी अंतराच्या प्रवासात, विशेषतः मुलं बरोबर असताना, वरच्या बर्थपेक्षा मागे झुकणारी सीट बरी, कारण उठून दाराकडे जायला वेळ लागत नाही. बूट सीटखाली हाताला लागतील असे ठेवावेत, आणि फोन, पैसे, ओळखपत्र अंगावरच्या पिशवीत.

कुणी म्हणेल, रेल्वे आहे ना. आदिलाबादहून हैदराबादकडे जाणारी कृष्णा एक्स्प्रेस आहे, आणि तिच्यात आडवं होऊन झोपता येतं हा मोठा फायदा. पण ती किनवट, मुदखेडमार्गे महाराष्ट्रातून वळसा घालते, मग बासर, निजामाबाद करत उतरते. अंतर वाढतं म्हणून रात्रही पुरेशी मिळते, हे वर सांगितलेल्या कारणासाठी चांगलंच म्हणायचं. अडचण दिशेची आहे: तिच्यासाठी उलटं आदिलाबादला यावं लागतं, म्हणजे कुंताला सोडलेलाच बरा. नागोबा आणि इंद्रवेल्ली एवढंच पाहून आदिलाबादला परतणार असाल, आणि आरक्षण मिळालं असेल, तर मी बसपेक्षा रेल्वेच सुचवेन. स्वतःच्या गाडीने रात्री निघणं हा मात्र तिन्हींत वाईट पर्याय. दिवसभर गाडी चालवलेला माणूस रात्रीही चालकाच्या जागी बसतो, आणि बसच्या चालकाने निदान दुपारी झोप काढलेली असते. उटनूरहून जन्नारमकडचा रस्ता जवळचा दिसतो म्हणून रात्री तिकडून जाण्याचा मोह होतो. तो कव्वाल व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. रात्री तिकडे वळू नये.

पूर्वेच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगून टाकतो, कारण तिथे हाच तर्क लागू होतो. जैनूरजवळच्या मार्लवाईत क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात पत्नी बेटीसह राहिले आणि गोंड शिक्षक घडवण्याचं काम तिथून सुरू झालं. दोघांचं स्मारक गावात आहे. जोडेघाटला १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना गोंड पुढारी कुमरम भीम मारला गेला, तिथे २०१६ पासून संग्रहालय आहे. त्याची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला पाळली जाते. त्या दिवशी घाटात गाड्यांची रीघ लागते, म्हणून रात्रीची बस त्या तारखेला ठरवू नये. जैनूर भागात उशेगावला ओज कारागीर पितळेची ढोकरा मूर्तिकला करतात. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मूर्ती सुरेख असतात आणि जडही. रात्रीच्या बसने जाणाऱ्याने तळहातावर मावेल तेवढीच घ्यावी. पश्चिमेच्या वाटेवरचा खरेदीदार या बाबतीत सुदैवी: निर्मलची खेळणी पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची असतात, आंबे-सीताफळांची अख्खी परडी घेतली तरी पिशवीचं वजन जाणवत नाही.

राहता राहिले ते बसच्या आधीचे सहा तास, ज्यांना लोक वाया गेलेले म्हणतात. माझ्या मते या बेतात सर्वात कामाचे तेच. संध्याकाळी सहाला निर्मलला पोहोचून पहिल्यांदा सामान जीपमधून उतरवून घ्यावं आणि त्याची दोन पिशव्यांत वाटणी करावी: एक डिकीत जाणारी, एक मांडीवर राहणारी. मांडीवरच्या पिशवीत कोरडे मोजे, शाल किंवा कानटोपी, पाणी, औषधं, पॉवर बँक. हिवाळ्यात या जिल्ह्यात पारा दहा अंशांखाली उतरतो आणि गाडीतली थंड हवा बंद करा म्हटलं तरी होत नाही, म्हणून शाल डिकीत गेली की रात्र संपली. ओले कपडे बदलून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत. जेवण आठच्या आत आणि बेताचं: भाकरी-भाजी किंवा वरणभात. निर्मलच्या तिखट कालवणाला हात घालायचा तो परतीच्या दिवशी. उटनूरला मोहफुलाचे लाडू मिळतात. ते सकाळीच घेऊन ठेवावेत, पहाटे उतरल्यावर त्यांच्यासारखं काही नाही. मुलांना या तासांत झोपू द्यावं, स्टँडच्या बाकावर का होईना. पाणी नऊनंतर कमी करावं, कारण गाडी वाटेत एकदाच ढाब्यावर थांबते. आणि चढण्याआधी, गरज वाटो न वाटो, स्टँडच्या संडासात जाऊन यावं, मोठ्यांनीही.

हैदराबादेत आदिलाबादकडची गाडी आधी सिकंदराबादच्या ज्युबिली बस स्टेशनला लागते, मग महात्मा गांधी बस स्टेशनला, ज्याला जुनी माणसं इमलीबन म्हणतात. कंडक्टर अंधारात भराभर नावं घेतो आणि अर्धवट झोपेत माणूस भलत्या ठिकाणी उतरतो, म्हणून कुठे उतरायचं ते तिकिटावरच लिहून ठेवावं. दोन्ही स्थानकांना लागून मेट्रो आहे. ही दोन टोकं जोडणारी हिरवी मार्गिका फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमाराला सुटते. पाचला उतरलात तर बाहेरच्या रिक्षावाल्याशी घासाघीस करू नका. प्रतीक्षागृहात बसा, इराणी चहाचा स्टॉल उघडलेला असतो, तासाभरात मेट्रो सुरू होते.